वाइनला श्वास घेऊ द्या

साहेबांनी विचारलं, "योगीराज, वाइनमधलं काही कळतं का तुम्हाला?" आणि मी म्हणालो, "थोडंफार."

एवढंच झालं. सरळ "नाही" म्हणता आलं असतं. पण माझ्या बदलीचा कागद त्या वेळी साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता, आणि अशा वेळी माझी मान आपोआप होकारार्थी हलते. (एरवीही तशीच हलते. लग्न ठरलं तेव्हाही हललीच होती.)

बदली वालूरला होत होती. वालूर काही वाईट गाव नाही. आमच्या बियाणे कंपनीनं तिथं नवं गोदाम बांधलंय. अडचण एकच, वालूर ही माझी सासुरवाडी. बातमी कळली त्याच दिवशी सासूबाईंचा, म्हणजे कस्तुराबाईंचा, फोन आला. "भाड्यानं कशाला ऱ्हाता जावईबापू? वरची खोली मोकळी केली मी. घर हाय की आपलं!"

सासूबाई माया करतात, नाही असं नाही. पण ती माया पहाटे पाचला उठवते, माझ्या आंघोळीचं पाणी बोट बुडवून तपासते आणि दर घासाला "आणिक वाढू का" विचारते. दोन दिवस फार बरं वाटतं. बदली तीन वर्षांची होती. मला परभणीतच राहायचं होतं आणि सही करायची की नाही हे साहेबांच्या हातात होतं.

साहेब मूळचे पुण्याचे, नुकतेच फ्रान्स बघून आलेले. तिथल्या कुठल्याशा वाइनरीतून त्यांनी तीन बाटल्या आणल्या होत्या. "रविवारी तुमच्या बोरी गावच्या शेतात हुरडा आहे ना? तिथंच उघडू," ते म्हणाले. "तुम्ही जाणकार, सगळं तुमच्यावर सोपवतो. फक्त तासभर आधी उघडून ठेवा. वाइनला श्वास घेऊ द्या. मोकळ्या हवेत ती सुधारते."

"श्वास तर पाहिजेच," मी म्हणालो आणि पिशवी छातीशी धरून घरी आलो.

पिशवीत वाइनरीचं माहितीपुस्तक होतं. मोबाइलवर अर्थ बघत बघत मी ते सविताला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवलं. पांढऱ्या वाइनला लिंबू, हिरवं सफरचंद आणि ओल्या दगडाचा स्वाद, ती माशांबरोबर घ्यावी. तिसरी गोड, मधाची आणि जर्दाळूची, तिच्यासोबत निळी बुरशी आलेलं चीज. मधल्या लाल वाइनला काळी चेरी, तंबाखू, चामडं आणि ओली माती. सोबत बदक.

"चामडं, तंबाखू आन् माती?" सविता म्हणाली. "हा वास तर तुमच्या चपलेला फुकटात येतोय."

"तसं नसतं ते. जाणकाराला कळतं."

"आन् बदक कुठून आणणार? बुरशी आलेलं काय पायजे असंल तर फ्रिजमधी पाव हाय."

मी तिच्याकडे दुर्लक्ष करून जोड्या लावल्या. पांढरीला शेंगदाण्याची चटणी, लालला ठेचा, गोड वाइनला गूळ आणि बोरं. रात्रभर मी कुशीवर कुशी बदलत "चेरी, चामडं, तंबाखू" पाठ करत होतो.

रविवारी शेतात पोचलो तर आगटी पेटलेली आणि आगटीशेजारी सासू-सासरे बसलेले!

"मामी, तुमी कशा काय?"

"साहेब येणार हाय म्हणून सवितानं सांगितलं. म्हटलं हात जोडून सांगावं, जावयाला लौकर वालूरला धाडा." शेजारी सासरे, आप्पाराव, मान डोलवत होते. हा माणूस दारू लांबच, चहासुद्धा घेत नाही. चहा डोक्यात चढतो म्हणतो.

साहेब यायला तास राहिला होता. मी बाटल्या घेऊन कडब्याच्या गंजीमागं गेलो. बूच काढायचं यंत्र माझ्याकडं नव्हतं. (जाणकाराकडं असतं.) शेवटी पंपाच्या पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर लावून तिन्ही बुचं आत ढकलली. आता श्वासाचा प्रश्न. बाटलीच्या एवढ्याशा तोंडातून कसला आलाय श्वास? मोकळं पातेलं एकच होतं, बाकीच्यांत दही आणि ताक. मी तिन्ही बाटल्या त्या पातेल्यात उपड्या केल्या. म्हटलं, घ्या सगळ्या मिळून.

"काय हाय वो हे?" मागं सासूबाई उभ्या.

"जांभळाचा रस!" हे माझ्या तोंडातून कसं निघालं देव जाणे.

"हुरड्याच्या दिसात जांभळं?"

"बाटलीतला हाय, मामी. साहेबांसाठी. हात नका लावू."

तेवढ्यात रस्त्यावरून साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला. साहेब तासभर आधीच आले होते. मी धावत गेलो, गाडी बांधावरून आत घेतली, कचेरीतल्या मंडळींना वाट दाखवली. परत येऊन बघतो तर सासूबाई स्टीलच्या ग्लासांतून सगळ्यांना काहीतरी वाटत होत्या. रंग जांभळा होता.

"मामी, हे काय?"

"आवो, रस आंबला हुता!" त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "बोट लावून बघितलं, तोंड वाकडं झालं. साहेबासमोर असलं ठेवलं तर घराची अब्रू ऱ्हाईल का? गूळ घातला, जिरं घातलं, सैंधव घातलं, दोन तांबे पाणी वतलं. आता कुठं तोंडात घ्यावंसं झालंय."

साहेबांनी घोट घेतला. मी डोळे मिटले.

"वा!" साहेब म्हणाले. "काय सरबत आहे! या ठेच्यावर आणि हुरड्यावर असं जमलंय म्हणून सांगू! मावशी, आणखी एक."

साहेबांनी तीन ग्लास घेतले. आप्पारावांनी चार घेतले आणि ते साहेबांच्या ड्रायव्हरला मिठी मारून "तुमी मला धाकट्या भावासारखे हायेत" असं सांगायला लागले. चहा न घेणारा माणूस इतका मोकळा झालेला सविताही पहिल्यांदाच बघत होती. मला एका जागी बसवेना. आगटीला पाच फेऱ्या घातल्या, भाजलेली कणसं पुन्हा भाजली, बोटं पोळून घेतली.

आणि साहेबांनी विचारलंच. "योगीराज, आता वाइन काढा."

मी त्यांना गंजीमागं नेलं. तीन रिकाम्या बाटल्या, आत खुळखुळणारी तीन बुचं. साहेबांनी बाटल्यांकडं पाहिलं, मग हातातल्या ग्लासाकडं पाहिलं.

"तिन्ही?"

"एकत्र, साहेब." मला रडू यायचंच राहिलं होतं. "मला वाइनमधलं काहीच कळत नाही. बदलीच्या भीतीनं खोटं बोललो."

साहेबांनी इकडंतिकडं पाहून उरलेला घोट संपवला. "खरं सांगू? तिथं चार दिवस ही वाइन प्यायलो, त्यांच्या चीजबरोबर, त्यांच्या बदकाबरोबर. सगळे वा वा म्हणत होते म्हणून मीही म्हणालो. आवडली आज पहिल्यांदा." बाटल्या त्यांनी स्वतःच कडब्यात खुपसल्या. "कुणाला बोलू नका. आणि वालूरचं विसरा. तुम्ही इथंच राहायचं."

मी आनंदानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. तेवढ्यात ते आगटीकडं वळून ओरडले, "मावशी, दर शनिवारी आमच्याकडं असं सरबत करून द्याल का? रस मी आणून देईन!"

"देते की! त्यात काय!" सासूबाई म्हणाल्या. "मंग वालूरला बसून कसं जमंल? आमीच येतो परभणीला."

मंगळवारी रिक्षातून दोन ट्रंका, गुळाची ढेप आणि सासू-सासरे उतरले. आमच्या घरात खोल्या दोन. एक त्यांना दिली, दुसरीत सविता आणि आमची पोरगी, आणि माझी गादी गॅलरीत. थंडी वाजते म्हणालो तर सविता म्हणते, "मोकळ्या हवेत सुधारतंय, असं तुमचे साहेबच म्हणले न्हवं?"

आता दोन महिने झाले, मी रोज रात्री श्वास घेतोय. परवा तिला हळूच विचारलं, "काही सुधारणा?"

"न्हाई," ती म्हणाली. "आजून आंबटच हायेत तुमी."