मोरूकाका आणि लग्नपत्रिकेची जाडी

लग्नाची पत्रिका हातात पडली की लोक आधी वधूवरांची नावं वाचतात. आमचे मोरूकाका तिची जाडी बघत. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दोनदा चोळत. पातळ निघाली तर, "ऐपत नाही तर लग्नं करतात कशाला?" म्हणून यजमानावर उखडत. जाड निघाली तर खिशात घालत. लग्नाला मात्र कधीच जात नसत.

फणसवाडीत आम्ही पहिल्या मजल्यावर, ते आमच्या खाली एकटे. घराणं मुंबईतलं जुनं. वाडवडिलांच्या इस्टेटीपैकी उरली होती ती अंगण अडवून उभी असलेली एक विलायती मोटार. मी वाडीत आल्यापासून ती जागची हलली नव्हती. काका रोज ती पुसत आणि रोज तिच्यावर चिडत. भेटेल त्याला ते विचारत, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मोटारीलाही हाच प्रश्न, पण अदबीनं: "आपलं डोकं ठिकाणावर आहे का?" मला या माणसाचा भयंकर राग येई. माणसांशी अरेरावी आणि पत्र्याशी अदब, हे मला आजही पटत नाही.

त्या पावसाळ्यात आमच्याकडे गोड बातमी कळली, वाडीभर झाली, आणि आठवड्याच्या आत काकांनी मोटारीचं बॉनेट उघडलं. जुन्या पद्धतीची गाडी ती. ठिणगी पाडायला तिच्यात मॅग्नेटो होता आणि सुरू करायची तर पुढे उभं राहून हँडल मारावं लागे. काकांनी मॅग्नेटो उपटला आणि त्या जागी बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि बटणाचा स्टार्टर बसवायला घेतले. पुढचे कित्येक महिने अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या दोन धोतरांना ऑइल लागलं. मी तणतणत खाली गेलो.

"बटण दाबलं की सुरू झाली पाहिजे," काका मान वर न करता म्हणाले.

"पण तुम्हाला जायचंय कुठे?"

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

पॉइंट म्हणजे धातूचे दोन चिमुकले तुकडे. इंजिन फिरलं की ते मिटतात आणि उघडतात. उघडल्यावर त्यांच्यातली फट नेमकी हवी, नाहीतर ठिणगी पडत नाही. त्यासाठी बाजारात मापाची पट्टी मिळते. पण काकांचं म्हणणं, चांगल्या घरची लग्नपत्रिका त्या फटीतून जरा अडत सरकली की माप बरोबर. पट्टी विकणारे सगळे चोर.

माझ्या बायकोचे, सुधाचे, दिवस भरत आले तेव्हा त्यांनी मला जिन्यात अडवलं. "ट्रॅमबीम, टॅक्सी काही बघू नकोस. गाडी आहे," असं वसकन म्हणाले आणि गेले.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. गिरगावात गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, ट्रॅम बंद, टॅक्सीचा पत्ता नाही. नेमक्या त्या सकाळी सुधाच्या पोटात कळा सुरू झाल्या. आम्ही तिला धरून खाली आणलं, तर काका कोट-टोपी घालून स्टिअरिंगवर तयार. त्यांनी बटण दाबलं. इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा दाबलं. बॅटरी संपली तेव्हा काका उतरले आणि हँडल मारू लागले. त्या दिवशी ते गाडीला एक शब्द बोलले नाहीत.

मी बोललो. अख्ख्या वाडीसमोर ओरडलो, "ही गाडी भंगारात घाला आणि तुम्हीही जा तिच्याबरोबर."

चौघांनी सुधाला खुर्चीत बसवून उचललं. काका हँडल टाकून पुढे धावले. नाक्यावर पोलिसानं लाठी आडवी धरली. काकांनी ती हातानं बाजूला सारली आणि गरजले, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? बाई अडलीय." पोलीस बाजूला झाला. सूतिकागृह गाठलं, आणि तासाभरात मुलगी झाली.

तिसऱ्या दिवशी आयाबाई म्हणाल्या, "ते म्हातारबाबा रोज कर्फ्यू उठला की खाली येऊन बसतात. तुमचेच ना?" माझा राग अजून गेला नव्हता. तान्ही पोर हातात घेऊन मी तसाच खाली उतरलो.

काका पायरीवर बसले होते. "पॉइंटमध्ये कुंकू अडकलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी पहाटे शेवटचं माप घेतलं. माटुंग्याहून आलेली पत्रिका, जाड, झकास. कोपऱ्याला कुंकू लावलेलं, ते बघितलंच नाही मी."

मी पोरीचं दुपटं सारखं केलं.

"तीस वर्षांपूर्वी आमच्या हिला याच गाडीत बसवली होती. हँडल मारून मारून हात सोलले माझे. मागच्या सीटवरच गेली. पोरासकट." मग पोरीकडे बघत म्हणाले, "म्हणून तुझ्या बायकोसाठी बटण लावत होतो रे."

मी पोर त्यांच्यापुढे धरली. "घ्या."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "काळे आहेत."

"धुवा मग."

ते आवारातल्या नळावर गेले. माती घेऊन घासले, नखं घासली, पुन्हा धुतले, उजेडात धरून बघितले, पुन्हा धुतले. मी पोर घेऊन उन्हात उभा राहिलो, घाई न करता.