गोळा दाबा, साहेब

इब्राहिमचाचांना फोन करून "खोली आहे का?" असं विचारलंत, तर हो-नाही काही मिळणार नाही. पलीकडून घोगरा, भारदस्त आवाज येतो, "आधी गोळा दाबा, साहेब."

गोळा म्हणजे फोनच्या कीबोर्डवरचा पृथ्वीचा गोळा. तो दाबला की इंग्रजीची मराठी होते. आगरदांड्याच्या जेटीपासून दहा मिनिटांवर चाचांचं घर, त्यात पर्यटकांसाठी दोन खोल्या, आणि त्या जिथे बघायच्या त्या वेबसाइटचा पत्ता सगळाच्या सगळा देवनागरीत: दोनखोल्या.भारत. औषधालासुद्धा एक इंग्रजी अक्षर नाही.

साइट मी बनवली. जेटीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि चाचा दिवसभर माझ्याच बाकड्यावर बसून फेरीबोटीतून उतरणाऱ्यांवर नजर ठेवतात. त्यामुळे त्यांचे सगळे फोन मला पाठ. मी नकला करतो, हळदीला दिघीपर्यंत बोलावणं येतं. चाचांची नक्कल केली तर ते स्वतः पुढे बसून ऐकतात आणि दुरुस्त करतात, "नकल्या, 'साहेब'वर एवढा जोर नको. गिऱ्हाईक घाबरतंय."

पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, "काका, गोळा दाबला, पण हसरे चेहरे आले."

"हसरा सोडा, बाई. पृथ्वीचा दाबा."

बाईंनी पृथ्वी काही दाबली नाही. शेजारच्यांकडे उतरल्या.

पत्ता कॉपी करून पुढे पाठवला की कधी कधी भलतंच होतं. एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे कोळंबीची टोपली उपडी केल्यासारख्या नुसत्या इंग्रजी अक्षरांच्या मिशा. मी समजावलं, "चाचा, इंटरनेटला आतून इंग्रजी अक्षरंच कळतात."

"म्हणजे आत जाऊन पँट घालतो," चाचा म्हणाले. "घालू दे. दारात लुंगीच पाहिजे."

ईमेलचा पत्ताही मराठीत. बँकेच्या फॉर्ममध्ये टाकला की लाल अक्षरं यायची: वैध पत्ता टाका. चाचा थेट काउंटरवर. "मी वैध, घर वैध, निकाह वैध. मग पत्ताच कसा अवैध?" तिथल्या मॅडमनी चहा मागवला. पत्ता नाहीच घेतला.

एवढा हट्ट का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "मस्कतला अरबांचे पत्ते त्यांच्या अक्षरात पाहिलेत मी. आपण काय कमी हाय?" चाचांनी मस्कतला बावीस वर्षं गोदाम सांभाळलं. मला ते उत्तर आवडायचं. छाती काढून नक्कल करता यायची.

पण यंदा दिवाळीच्या सुट्टीत शेजाऱ्यांच्या अंगणात गाड्या मावेनात आणि चाचांच्या दोन्ही खोल्या रिकाम्या. मस्कतहून मुलाने फोनवर पत्त्यावरून सुनावलं. दुसऱ्या दिवशी चाचा बाकड्यावर बसले ते फेरीकडे पाठ करून.

"बदलून टाक पत्ता," म्हणाले. "इंग्रजी कर. मराठी बंद."

बंद करायच्या आधी आलेले निरोप उतरवून घ्यावेत म्हणून मी साइटवरची निरोपांची पेटी उघडली. ते थेट चाचांच्या फोनवर जात, मी कधी बघितले नव्हते. दोनेकशे निरोप. मी उडालोच. मग वाचायला लागलो.

"येताना कोथिंबीर आणा." "ऊन लागतंय, टोपी घाला." "आज सुरमई हाय, उशीर नको."

सगळे जुबेदाचाचींचे. दहा मिनिटांवरच्या घरातून.

"चाचा, चाची फोन का नाही करत?"

"करते की. पण हे ती लिहिते."

मग ते जेटीकडे तोंड करून बसले. "मी मस्कतला होतो तेव्हा पत्र ती स्वतः लिहायची. मराठी शाळेतली ना. पण पाकिटावर पत्ता इंग्रजीत लागायचा. तो शाळेचे मास्तर लिहून देत. मास्तरांची बदली झाली. दुसऱ्या कुणाकडे जायला ही लाजली. आठ महिने मला पत्र न्हाय. मी समजलो, रागावली. मीपण लिहिणं सोडलं. सुट्टीवर आलो तर ट्रंकेत वीस पाकिटं. चिकटवलेली, तिकिटं लावलेली. पत्ता तेवढा कोरा."

 

"मग मराठी बंद का करायला सांगताय?"

"तीच म्हणाली, करा बंद. खोल्या रिकाम्या बघवत न्हाय तिला."

मी मराठी पत्ता ठेवला. शेजारी एक इंग्रजी घेतला आणि मागून जोडून दिला. इंग्रजी लिहा नाहीतर मराठी, याल चाचांच्याच दारात. "दोन खोल्यांना दोन दारं," मी म्हणालो. चाचांनी मान हलवली, पण इंग्रजी दार काही उघडून बघितलं नाही. मराठीच उघडलं.

नवा निरोप होता: "काल कोथिंबीर विसरलात. येताना आणा."

चाचांनी चष्मा चढवला. फोन डोळ्यांजवळ नेला, स्वतःशीच हळू पुटपुटले, "गोळा दाबा," आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, उत्तर लिहिलं.

"आणतो."