दाराशी खाकरला म्हणून

प्राध्यापिकाबाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं. मास्तरांचा थोरला मुलगा बाहेर उभा राहिला, शर्ट नीट केला आणि अदबीने खाकरला.

एका सत्रापुरता तो या परदेशी विद्यापीठात शिकायला आला होता. आशिया खंडच तो, पण घरापासून समुद्रापलीकडचा. शिकवणं सगळं इंग्रजीत आणि वर्गात नाना देशांची मुलं. प्रबंधाचा विषय बाईंनी आज संध्याकाळपर्यंत मंजूर केला नसता, तर हे सत्र त्याच्या कॉलेजात धरलं जाणार नव्हतं आणि अख्खं वर्ष बुडणार होतं. त्याला इथे पाठवण्यासाठी वडिलांनी साऱ्या भावकीचा विरोध अंगावर घेतला होता. वर्ष बुडालं असतं तर त्याच्यापेक्षा त्यांचीच मान खाली गेली असती.

गोची होती ती हाकेची. बाईंनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, "मला मॅडम म्हणायचं नाही. सरळ नावाने हाक मारायची." बाकीची मुलं लगेच नावावर आली. थोरल्याची मात्र जीभ उचलेना. बाई वयाने त्याच्या आईपेक्षा मोठ्या. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, तेव्हा मान द्यायला तिथेही वाव नव्हता. निदान नाव तरी टाळावं, एवढंच त्याच्या हातात होतं आणि ते तो मनापासून करत होता. ईमेल लिहायला बसला, तर त्याचीही सुरुवात हाकेनेच. असं करता करता आजचा दिवस उजाडला.

वडील शाळामास्तर. शिक्षकांच्या खोलीशी मुलांनी खाकरून उभं राहायचं, हा त्यांच्या शाळेचा शिरस्ता आणि त्यांच्या घराचाही. थोरला ते बाळकडू घेऊनच विमानात बसला होता.

बाईंची नजर संगणकावरून हलेना. तो पुन्हा खाकरला. तरी नाही. तिसऱ्यांदा त्याने जीव ओतला, तशा बाई गर्रकन वळल्या.

"अरे, तुला बरं नाहीये का?"

आता नाही म्हणायचं म्हणजे मोठ्या माणसाला तोंडावर खोटं पाडायचं.

"तसं थोडंसं..." तो पुटपुटला.

बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला. विषयाचा कागद थोरल्याच्या खिशातच राहिला आणि तो दवाखान्यात पोचला.

"खोकला कधीपासून?" नर्सने विचारलं.

"खोकला नाही. खाकरतो मी."

"बरं. खाकरता कधीपासून?"

"लहानपणापासून," थोरला खरं तेच बोलला.

नर्सने पेन खाली ठेवलं. ताप नव्हता, घसा स्वच्छ होता, पण असल्या जुनाट दुखण्याच्या माणसाला मोकळं सोडायची तिची छाती होईना. तिने त्याला वसतिगृहाच्या खोलीतच राहायचा हुकूम दिला. सोबत राहणारा मुलगा उशी काखोटीला मारून, भिंतीला घासत निघून गेला. जेवणाचा डबा दाराबाहेर ठेवून देणाऱ्याची पावलं पळत लांब गेली. आणि नियमाप्रमाणे वसतिगृहाने घरी कळवलं.

पाठोपाठ फोन वाजला. पडद्यावर वडील, आई आणि मध्ये डोकं घालून काका.

"छातीत दुखतंय का रे?" आईचे डोळे भरून आले होते.

"आई, मला काहीही झालेलं नाही. मी नुसता बाईंच्या दाराशी खाकरलो. त्यांना नावाने हाक मारायची असते, ती मला जमत नाही."

"कफ असल्याशिवाय कोण खाकरेल? गरम पाण्याच्या गुळण्या कर आधी."

"मी तेव्हाच सांगत होतो, पाठवू नका," काका म्हणाले. "आणा त्याला परत."

वडील सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "नावाने हाक का नाही मारलीस?"

"तुम्हीच शिकवलंय ना बाबा, मोठ्यांना नावाने हाक मारायची नाही म्हणून."

आपण शिकवलेलं मुलगा इतकं मनावर घेतो, याचं मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं. चष्मा काढून त्यांनी उगाच पुसला.

"मार हाक," ते म्हणाले. "मी सांगतो म्हणून मार. चल, आत्ता म्हणून दाखव. मी म्हणजे त्या बाई असं समज."

"तुम्हाला नावाने?"

"त्यांच्या नावाने, गाढवा!"

थोरला पुटपुटला. दोन अक्षरी नाव, पण दुसरं अक्षर घशातच राहिलं. "सोपं तर आहे की," म्हणून आईने ते अस्खलित म्हणून दाखवलं. काकांनीही म्हटलं. घरातल्या सगळ्यांना जमलं, ज्याला जमायला हवं तो सोडून.

एवढ्यात त्याला खिडकीतून खाली बाई दिसल्या. पिशवी खांद्याला लावून त्या अंगणातून विद्यापीठाच्या फाटकाकडे निघाल्या होत्या. त्या एकदा बाहेर पडल्या की संपलंच. फोन गादीवर टाकून थोरल्याने खिडकी उघडली, डोळे मिटले आणि बाईंच्या नावाने हाक ठोकली. उघडं नाव बाहेर पडताच त्याचं त्यालाच कसंतरी झालं. म्हणून त्याने घाईघाईने पुढे जोडलं, "...मावशी!"

अंगण थबकलं. बाईंनी वर पाहिलं. "नाव कळलं. पुढचं काय?"

"म्हणजे आईची बहीण," तो वरूनच म्हणाला. घाम पुसत त्याने खाकरण्यापासूनची सगळी हकीकत आणि विषयही खिडकीतूनच सांगितला. बाई हसल्या नाहीत. "इतकी वर्षं शिकवतेय, पण मला नात्यात कुणी घेतलं नव्हतं," असं म्हणून त्यांनी पिशवीतला संगणक अंगणातल्या बाकावर उघडला आणि तिथल्या तिथे विषय मंजूर केला. मग मान वर करून पुन्हा बराच वेळ बोलत राहिल्या.

थोरल्याने गादीवरचा फोन उचलला. तिकडे तिघंही श्वास रोखून बसले होते.

"झालं का काम?" वडिलांनी विचारलं.

"विषय मंजूर झाला. पण बाबा, बाकीच्यांचे आराखडे त्यांनी जसेच्या तसे घेतले आणि माझा सगळा नव्याने लिहायला लावलाय. म्हणतात, परक्याच्या पोराचा असता तर चालवून घेतला असता. आणि उद्यापासून रोज त्यांच्यासमोर बसून लिहायचं."

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"बस मग," ते म्हणाले. "आता तुझी काळजी मिटली."