सही जुळत नाही

एका पायात बूट आणि दुसरा बूट हातात, अशा अवस्थेत तो खिडकीजवळच्या बुद्धिबळाच्या पटाकडे टक लावून उभा होता. ऑफिसला उशीर झाला होता, पण पाय निघेना. कालचा अर्धा राहिलेला डाव पटावर तसाच होता, आणि आता सकाळी, चहा पिऊन अगदी शुद्धीवर असताना, त्याला स्वच्छ दिसत होतं की आपला घोडा एक उडी मारील आणि सासऱ्यांचा राजा आपल्याच सोंगट्यांच्या गर्दीत अडकून पडेल. मात! सासरे घरी आल्यापासून रोज संध्याकाळी तो हरत आला होता. एकदासुद्धा, अगदी चुकूनही, जिंकला नव्हता.

"खेळायची असेल तर चाल खेळून जा, जावईबापू," पेपरमागून सासरे म्हणाले.

"नको बाबा, संध्याकाळी. निवांत."

हा आनंद त्याला घाईघाईत उरकायचा नव्हता. समोर बायको बसलेली हवी, हातात चहा हवा आणि मग घोडा उचलायचा, असा त्याचा बेत होता. एवढं सुख माणसाने मागू नये की काय!

सासरे आले होते ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी, पंधरा दिवस. डोळा केव्हाच बरा झाला, पंधरवडे मात्र एकामागून एक येत राहिले. मधूनमधून ते म्हणत, "आता निघायला हवं बुवा." त्यावर शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी वह्या तपासता तपासता "हं" म्हणे आणि जावई पट मांडायला घेई. 'जा' असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. 'राहा' असंही कोणी म्हटलं नव्हतं. पट मांडला की समजून घ्यावं माणसाने, असं जावयाचं मत. पण सासरे पडले बँकेतले. जन्मभर त्यांनी एकच काम केलं होतं, चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहायची. एकदा तर त्यांनी स्वतःच्या मॅनेजरचा चेक परत पाठवला होता, 'सही जुळत नाही' असा शेरा मारून. अशा माणसाला न बोललेलं कसं समजायचं?

तर जावईबापू एकदाचे ऑफिसात पोचले. तिथे त्याचं नाव 'झालंच' पडलं होतं. कोणीही, कुठल्याही कामाचं विचारलं की तो मान वर न करता "झालंच" म्हणे. यात खोटं बोलायचा हेतू नसे. त्याला खरोखरच तसं वाटे, तोच तर घोळ होता.

"झालंच, त्या सहीचं कुठवर आलं?" साहेबांनी दारातच गाठलं.

"झालंच, सर."

"आठवडाभर झालंच आहे ते! दुपारी मॅडम येणारेत बघायला. आज सही होताना दिसली नाही तर त्या दुसरीकडे जातील. आणि त्यांच्या पाठोपाठ तू."

मॅडमची कंपनी घरं भाड्याने लावून देई. घरमालक आणि भाडेकरू यांनी आता कागदाला हात न लावता, वेबसाइटवरच, मोबाइलवर बोट फिरवून सही करावी, अशी त्यांची इच्छा होती. सहीची यंत्रणा एका दुसऱ्या कंपनीकडून आयती मिळायची. ती फक्त मॅडमच्या वेबसाइटला जोडायची होती. त्यासाठी त्या कंपनीने दोन चाव्या दिल्या होत्या, एक सरावाची आणि एक खरी. चावी म्हणजे काय, तर अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. दोन्ही माळा दिसायला सारख्याच. सरावाच्या चावीने पाठवलेल्या कागदावर आडवा 'नमुना' असा ठळक शिक्का उमटे. खऱ्या चावीने जाई तो खराखुरा दस्तऐवज.

आता सकाळपासून सरावाची चावी काही चालेना. त्याने तिला सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. शेवटी वैतागून 'फक्त बघावं' म्हणून खरी चावी लावली, आणि सगळं धडाधड चालायला लागलं. चालतंय ना, मग हात लावायचा नाही, हा त्याचा धंद्यातला पहिला नियम होता. चावी बदलायची राहिली ती राहिलीच.

चाचणीला दोन माणसं लागत होती. घरमालक म्हणून त्याने नेहमीप्रमाणे बायकोचा मेल टाकला. तिला सवय होती. नवऱ्याकडून सहीचा मेल आला की मधल्या सुट्टीत ती न वाचता बोट फिरवून मोकळी व्हायची. भाडेकरू म्हणून सासऱ्यांचा मेल टाकला, कारण तो त्यानेच उघडून दिला होता आणि ते तो कधी बघत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आता कागद. मॅडमनी दोन नमुने दिले होते. भाडेकरार चांगला लांबलचक होता, आणि जागा रिकामी करण्याची नोटीस होती एकाच पानाची. एक पान बरं, फार सरकवायला नको, असा विचार करून त्याने नोटीस उचलली. जागेचा पत्ता यंत्रणेने त्याच्याच खात्यातून उचलून भरला. बटण दाबून तो चहाला गेला.

चहा घेऊन परत आला तर पडद्यावर आलं होतं, 'घरमालक: सही केली. भाडेकरू: कागद उघडला.'

"चाललं की!" तो खुर्चीतून उडालाच. मग त्याच्या लक्षात आलं की भाडेकरू म्हणजे बाबा. आणि बाबांनी कागद उघडला म्हणजे काय? त्याने घाईघाईने स्वतः कागद उघडला. शिक्का नव्हता. कुठेच नव्हता. होती ती त्याच्या घराच्या पत्त्याची नोटीस, आपण जागा तत्काळ रिकामी करावी म्हणून, आणि खाली बायकोची ठसठशीत सही. खऱ्या चावीने मेलबरोबर बाबांच्या फोनवर मेसेजही गेला होता.

"मेलो!" तो म्हणाला.

त्याने बाबांना फोन लावला. बेल वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सही तपासताना फोन घ्यायचा नाही हा त्यांचा बँकेतला शिरस्ता होता, आणि तो त्यांनी निवृत्तीनंतरही मोडला नव्हता. पडद्यावर ओळी उमटत होत्या: 'भाडेकरू: कागद वाचला. कागद पुन्हा वाचला. घरमालकाची सही मोठी करून पाहिली.'

मग त्याने कागद रद्द करायचं बटण शोधलं. ते सापडलं, पण दाबलं जाईना. एका बाजूने सही केल्यावर कागद मागे घ्यायचा तर सही करणाऱ्याची संमती लागते, असा नियम होता. मॅडमनी तो सांगितला होता, आणि या अख्ख्या कामातली तेवढी एकच गोष्ट त्याने वेळेत पूर्ण केली होती. त्याने बायकोला फोन केला. तिचा फोन शिक्षकांच्या खोलीत कपाटात आणि ती वर्गात. शाळेत फोन केला, तर शिपायाने "बाई तासावर आहेत" एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

तेवढ्यात यंत्रणेने आपणहून बाबांना आठवण पाठवली. 'आपली सही अद्याप बाकी आहे. टाळाटाळ न करता त्वरित कार्यवाही करावी.' हा मजकूरही त्याचाच. मॅडम म्हणाल्या होत्या, जरा कडक लिहा.

"सर, मी जरा घरी जाऊन येतो," तो बॅग उचलत म्हणाला.

"घरी? अरे, मॅडम आल्यासुद्धा!"

मॅडम वेळेआधीच आल्या होत्या. साहेबांनी त्याला खांद्याला धरून मोठ्या पडद्यासमोर उभं केलं. "दाखव," ते म्हणाले. दाखवायला त्याच्याकडे तो एकच कागद होता.

"अरे वा!" मॅडम पुढे सरकल्या. "म्हणजे आत्ता, या क्षणी, तिकडे कोणीतरी सही करतंय?"

"करतंय," तो म्हणाला.

पडद्यावर ओळ आली, 'भाडेकरू: सही काढली.' मॅडमनी टाळी वाजवली. लगेच दुसरी ओळ आली, 'सही पुसली.' मग 'सही काढली.' मग 'सही पुसली.' हे बराच वेळ चाललं. बोटाने काढलेली सही म्हणजे गांडुळासारखी, आणि बाबांना ती पसंत पडत नव्हती, हे त्याला इथे उभ्या उभ्या दिसत होतं.

"किती बारकाईने करतोय हा माणूस! तपासणीसाठी ठेवलाय का?" मॅडमनी विचारलं.

"हो, खास नेमलाय," साहेब छाती फुगवून म्हणाले. त्यांना कशाचा पत्ता नव्हता.

आणि मग ती ओळ आली. 'भाडेकरू: सहीस नकार. कारण पुढीलप्रमाणे.' कारण लिहायला चौकोन त्याने भरपूर मोठा दिला होता. सासऱ्यांनी तो पुरता वापरला होता. मॅडम मोठ्याने वाचू लागल्या.

"'सही जुळत नाही. वर काढलेली सही मीच काढली असली तरी ती माझ्या सहीसारखी नाही, सबब पास करता येत नाही. घरमालकाची सही तपासली. ती माझ्या मुलीचीच आहे. शेवटची रेघ ती शाळेत होती तेव्हापासून अशीच घाईत ओढते. जागा सोडण्यास माझी हरकत नाही. नुसतं तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं. कागदी प्रत पाठवावी, पेनाने सही करून देतो. तोवर बॅग भरून ठेवतो.'"

शेवटी शेवटी मॅडमचा आवाज बारीक झाला होता. साहेबांनी टाय सैल केला.

"तुमच्या खास नेमलेल्या माणसाची मुलगी?" मॅडमनी विचारलं.

"माझी बायको, मॅडम. ते माझे सासरे."

"आणि तुम्ही त्यांना घराबाहेर काढताय?"

"नाही हो! मी फक्त चाचणी करत होतो! ते गेले तर मी..."

"मग इथे काय उभे राहिलात? पळा!" मॅडम कडाडल्या. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "चालतंय हे दिसलं. मला पसंत आहे. तेवढी ती आठवण मवाळ करा. माझ्याच अंगावर काटा आला."

तो पळाला. दारापर्यंत गेला, परत आला, मॅडमचा दुसरा नमुना, तो लांबलचक भाडेकरार, प्रिंटरमधून काढला आणि पुन्हा पळाला.

घरी पोचला तर बॅग दाराशी होती. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले होते. बायको नुकतीच आली होती आणि पर्ससुद्धा न ठेवता रडत होती.

"मी सही केली? मी? बाबांना जा म्हणून?"

"मधल्या सुट्टीत केलीस," तो धापा टाकत म्हणाला.

"तूच म्हणतोस ना, वाचू नकोस, नुसतं बोट फिरव! माझ्याच बापाला हाकलायला लावलंस तू मला!"

"भांडू नका," सासरे म्हणाले. "ती चाचणी होती, हे कळलं मला. ठीक आहे. पण इतके दिवस मीच म्हणत होतो ना, निघायला हवं म्हणून. आता बॅग भरलीच आहे. उगाच परत सोडायची कशाला?"

त्यांचा आवाज अगदी शांत होता. जावयाने भाडेकरार त्यांच्यापुढे ठेवला. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. बायकोने पर्स ठेवली, तोंड धुतलं, चहा टाकला, चहा झाला, तरी वाचन चालूच होतं.

"हा वेगळा कागद आहे," शेवटी ते म्हणाले. "यात भाडेकरूने राहायचं असं म्हटलंय."

"हो बाबा." तो त्यांच्या खुर्चीशी खालीच बसला. "तुम्ही जाऊ नका. मला बोलता येत नाही नीट, पण जाऊ नका. संध्याकाळी घरी यायची मला घाई असते ती तुमच्यामुळे. तुम्ही गेलात तर मी हरू कोणाशी?"

सासरे बराच वेळ चष्मा पुसत राहिले. त्यांना दिसत नव्हतं ते चष्म्यामुळे नव्हतं. मग त्यांनी पेन काढलं.

"अकरा महिने मुदत लिहिलीय यात. मला हे तारखेचं बंधन नको." त्यांनी ती ओळ पट्टी ठेवून खोडली आणि वर आपल्या घोटीव अक्षरात लिहिलं, 'मुदत: चालू डाव संपेपर्यंत.' खाली सही केली, कागद लांब धरून ती न्याहाळली आणि म्हणाले, "जुळली."

बायकोने आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खा कागद वाचून त्यावर सही केली. शेवटची रेघसुद्धा सावकाश ओढली. "आता ही तुझ्या सहीसारखी दिसत नाही," सासरे कुरकुरले, पण पास केली. बॅग आत गेली.

मग तिघे खिडकीजवळ बसले. हातात चहा होता, समोर बायको होती, सगळं सकाळी योजलं होतं अगदी तसं. त्याचीच चाल होती. घोडा जागेवर होता, सासऱ्यांचा राजाही कोपऱ्यात तसाच अडकलेला. त्याने घोड्याकडे हात नेला, आणि टेबलावरचा कागद त्याला दिसला. हात तिथेच थांबला.

"खेळ की," बायको म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. मांडी घातली. हनुवटीवर मूठ टेकवली.

"काय जावईबापू, झाली का चाल?"

"नाही बाबा," तो म्हणाला. "अजून नाही झाली. बराच वेळ लागेल."

"सावकाश होऊ द्या," सासरे म्हणाले आणि त्यांनी सकाळचा पेपर पुन्हा उघडला. "मला काही घाई नाही."