आठव्या मजल्याचं राष्ट्रहित

आमच्या इमारतीची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध बंद पडली, ही बाब मी पूर्ण गांभीर्याने नमूद करतो. बोस्नियातल्या आमच्या गावात लिफ्ट बंद पडणं म्हणजे काही आक्रीत नव्हे. पण माझी आई फिन्का आठव्या मजल्यावर राहते, तिचे खुबे कामातून गेलेत, आणि तिचं मागणं एकच आहे: खाली उतरून झाडाखालच्या बाकावर बसून कॉफी प्यायची. तोवर ती गॅलरीतून दोरीला टोपली बांधून आम्हा बाकावरच्यांनाच कॉफी खाली पाठवायची.

नगरपालिका दुरुस्तीला एका पायावर तयार होती. अट एवढीच, की इमारतीची कमिटी कायदेशीर हवी. नव्वदच्या दशकातली आमची आपसातली लढाई संपवताना मोठ्या लोकांनी देशाला जो नियम लावला, तोच आमच्या जिन्यालाही लागू झाला. एक बोस्नियाक म्हणजे मुसलमान, एक सर्ब म्हणजे ऑर्थोडॉक्स, एक क्रोएट म्हणजे कॅथलिक. प्रत्येकाला निवडणार त्याचेच लोक, आणि प्रत्येकाला नकाराधिकार.

बोस्नियाकांचा सेनाहिद मिळाला, सर्बांचा दातांचा डॉक्टर गोयको मिळाला. दोघं वर्षानुवर्षं त्याच बाकावर डॉमिनो खेळतात. क्रोएट म्हणावी अशी अख्ख्या इमारतीत माझी आई एकटी. तिला विचारलं तर म्हणाली, "मी आठव्या मजल्याची." असं राष्ट्र नियमात नव्हतं.

उरलो मी. बाप मुसलमान, आई कॅथलिक, म्हणून सरकारदरबारी मी 'इतर'. इतरांना लिफ्टमध्ये चढता येतं, कमिटीत चढता येत नाही. या वाटणीला मी जन्मभर नावं ठेवत आलोय, त्यावरचं माझं भाषण बाकालासुद्धा पाठ असेल. सेनाहिदनं ते पुन्हा एकदा ऐकून घेतलं आणि सोंगटी लावत म्हणाला, "लेका, आईच्या बाजूनं आहेसच ना? मग लिफ्टपुरता क्रोएट हो. चालू झाली की परत माणूस हो."

झालो. अर्जाच्या रकान्यात तसं लिहिलं आणि बिनविरोध निवडूनही आलो. मिस्त्री आला, आणि त्यानं साधा प्रश्न विचारला: लिफ्ट रिकामी असेल तेव्हा कुठल्या मजल्यावर उभी राहू द्यायची? गोयको तळमजल्यावर राहतो, तो म्हणाला तळमजला. सेनाहिद तिसऱ्यावर राहतो, त्याला तिसरा हा मध्यममार्ग वाटला. आईला दारात ताटकळता येत नाही, म्हणून मी म्हटलं आठवा. इथवर सगळं घरगुतीच होतं. पण गोयको हसत हसत बोलून गेला, "तुम्हा क्रोएटांचं हे नेहमीचंच."

काय सांगू, अंगाची नुसती लाही लाही झाली. परवापरवापर्यंत मी क्रोएट नव्हतो, पण अपमान मात्र पिढ्यानपिढ्यांचा वाटला. आठव्या मजल्याचं जीवनावश्यक राष्ट्रहित धोक्यात आहे, असं जाहीर करून मी नकाराधिकार वापरला. मग त्या दोघांनीही वापरला. मिस्त्री हत्यारं गोळा करून निघून गेला आणि आम्ही तिघं आईनं पाठवलेली कॉफी पीत बसलो.

माझा भाव वाढला तो तिथून. गावातल्या एका क्रोएट पक्षाचे पुढारी माझा सत्कार करायला धापा टाकत आठव्या मजल्यावर आले. असा खंबीर पुत्र जन्माला घातल्याबद्दल त्यांनी आईचे हात हातात घेतले. आई म्हणाली, "पुत्र राहू द्या. चौघे धडधाकट दिसताय, जाताना मला खाली न्या." ते मोठ्यांदा हसले, फोटो काढला आणि उतरून गेले. त्यांना पोचवायला मीही उतरलो. तिला उचलावं असं माझ्याही डोक्यात आलं नाही. मी तेव्हा राष्ट्राचं बोलत होतो.

कमिटीची पुढची निवडणूक आली तेव्हा टोपलीतून कॉफीऐवजी उमेदवारी अर्ज खाली आला. क्रोएट जागेसाठी, माझ्याविरुद्ध, आई उभी होती. राष्ट्राच्या रकान्यात तिनं नाइलाजानं क्रोएट लिहिलं होतं. प्रचाराचं वाक्य एकच: लिफ्ट कुठंही उभी करा, पण करा.

इमारतीत क्रोएट मतदार दोन, ती आणि मी. मतदान नियमाप्रमाणे तळमजल्यावर. पेटी वर नेऊ या, असं गोयको आणि सेनाहिद दोघंही म्हणाले. चालू प्रथेत बदल हा माझ्या लोकांवरचा घाला आहे, असं मी ठणकावलं. माझे लोक वरून बघत होते.

मी निवडून आलो. शंभर टक्के मतं, शून्य विरोध.

संध्याकाळी टोपली निघाली, पण चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध येऊन थांबली. आम्ही तिघं माना वर करून बसलो होतो. आई म्हणाली, "कुठल्या मजल्यावर थांबवायची ते कमिटीनं ठरवावं. तोवर मी माझी पिते."

लिफ्ट अजून बंद आहे. चालू झाली की आई खाली येणार, आणि आई खाली आली की मतं एकास एक होऊन माझी जागा धोक्यात येणार. तुम्ही म्हणाल, काय नालायक पोरगा आहे. म्हणा. फक्त एक सांगा, मघापासून तुम्ही माझं नाव शोधताय ना? आडनाव कळलं की मी कोणाचा ते कळेल, आणि मग नालायक कोण तेही ठरेल. नाही सांगत. नावावरून माणूस ठरवत असाल, तर आमच्या कमिटीत शोभाल, अर्ज करा.