मागच्या दाराच्या दोन ओळी

एका माणसाच्या लेखांच्या शेवटच्या दोन ओळी मी वर्षभर, दर गुरुवारी, न चुकता खोडल्या आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी शहाणपणाचा आव आणला तर तुम्ही फसणार नाही. तेव्हा मी तरुण होते. सहासष्ट वर्षांची. त्या वयात बाईमाणसाला वाटतं, आपल्याला सगळं कळतं.

माणूस म्हणजे आमचे शेजारी पुंडलिकभाऊ. मध्य प्रदेशात, बालाघाटला आमच्या गल्लीत त्यांचं गादी-रजईचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी सुनंदा लग्न करून जबलपूरला. घरात भाऊ आणि कापूस.

भाऊ कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याच्या मानेकडे टक लावून विचारत, "झोप कशी हाय?" तहसीलदार असो की दूधवाला. आमच्याकडे आले की खुर्चीत बसायच्या आधी आतल्या खोलीत जाऊन माझी उशी दाबून बघायचे. "बाई, हे उशी नोहे. हे ढेकूळ हाय." एका लग्नात नवरदेवामागचा लोड त्यांनी बोटांनी चाचपला आणि भर मांडवात सांगितलं, "यात चिंध्या भरल्या हायत. पोरगा चांगला असन, पन लोड खोटा हाय." मुलीच्या बापाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मग मोठ्या रस्त्यावर फोमच्या गाद्यांचं काचेचं दुकान उघडलं. भाऊंच्या पुतण्यानं सल्ला दिला, "काकाजी, इंटरनेट पे लिखो. हर हफ्ते एक लेख. लोग पढ़ेंगे तो आएँगे." पुतण्यानं दुकानाच्या नावानं एक पान तयार करून दिलं आणि तो नोकरीला निघून गेला. भाऊ वही घेऊन माझ्याकडे आले. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई. त्यात नातीनं मला मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकवलेलं, त्यामुळे माझे पाय जमिनीवर नव्हते.

"बाई, म्या लिहीन. तुम्ही सुधारून टाका. आन तुमच्या शाळेच्या जुन्या पोरींचा तो ग्रुप हाय ना, त्यातही टाकत जा."

"भाऊ, हिंदीत लिहा. इथं मराठी वाचतंय कोण? गिऱ्हाईक वाढेल."

"मले मराठीतच लिहायचं हाय."

"काहून?"

"घरच्या बोलीत झोप चांगली लागते," असं म्हणून ते निघून गेले. म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय, असं मी मनात म्हटलं. ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान होते.

लेख मात्र असे लिहायचे की विचारू नका. एकदा भरवेलीच्या खाणीत रात्रपाळी करणाऱ्यानं दिवसा कसं झोपावं, यावर तीन पानं. एकदा बैहरच्या थंडीला रजईत कापूस किती हवा आणि टाके कसे हवेत. 'नवऱ्याची उशी, बायकोची उशी आणि होणारे वाद' हा लेख तर गोंदियापर्यंत फिरला, तिथून दोघी बहिणी खास उशा घ्यायला आल्या. मी 'मले'चं 'मला' करायची, वाक्यं इस्त्री करून टाकायची आणि लोकांनी वाहवा केली की ती निम्मी माझीच आहे, असं धरून चालायची.

लेख कशावरही असो, शेवटी त्याच दोन ओळी. 'दुकान सातले बंद होते. मागचं दार उघडंच असते, कडी लावत नाही.'

आता तुम्हीच सांगा, जाहिरातीत हे कुणी लिहितं का? चोरांना पत्त्यासकट बोलावणं! पहिल्याच गुरुवारी मी त्या ओळींवर काट मारली आणि तिथं लिहिलं, 'आजच भेट द्या!' पुढच्या गुरुवारी ओळी पुन्हा हजर. मी पुन्हा काट मारली. भाऊंना सांगितलं नाही. वर्गातल्या पोराच्या निबंधातली चूक खोडताना काय त्याला विचारायचं असतं? आणि भाऊ मोबाइल कधी हातात धरत नसत. "त्या काचेवर माझा डोळा ठरत नाई," म्हणायचे.

त्यांना एवढंच हवं असायचं, की ग्रुपवर लेख कोणी कोणी पाहिला. शुक्रवारी सकाळी माझ्या ओसरीवर उभे. "कोन कोन पाह्यलं, बाई?" मी चष्मा लावून नावं वाचायला लागायची. कल्पना, मीरा, सुनंदा, शोभा... आणि मधेच ते "बस बस, झालं" म्हणत पायऱ्या उतरायचे. मला राग यायचा. विचारायचं आणि पुरतं ऐकायचंही नाही! एकदा मी नातीला म्हटलंसुद्धा, या माणसाला मोठी यादी झेपत नाही.

वर्ष झालं. एका शुक्रवारी भाऊ आले आणि यादी न विचारताच बसले. उशीही दाबायला गेले नाहीत.

"बाई, आता लेख बंद."

"अहो, गिऱ्हाईक येऊन राह्यलं, चाललंय छान, आणि बंद काहून?"

"जिच्यासाठी लिहीत होतो, ते नाई आली." ते आपल्या तळहातांकडे बघत होते. "तुमचीच विद्यार्थिनी हाय. तुम्ही टाकलेलं ते वाचते, हे मले मालूम होतं. दर हप्त्याले वाचते. सुनंदा म्हटलं तुम्ही, की मले पुढचं नाव नाई लागे. म्या तिले बोललो होतो ना, या घराचं दार तुले बंद हाय म्हणून."

बोलले होते. सुनंदानं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं त्या दिवशी अंगणात उभं राहून ओरडले होते. सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं, खिडकीचा पडदा बाजूला करून.

"फोनवर माझ्या तोंडून निघत नाई, बाई. लिहिलं तेवढं निघालं."

मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि आतच उभी राहिले. चहा उकळून उतू गेला. चाळीस वर्षं मुलांना 'नीट वाचा' म्हणून ओरडणारी ही बाई, आणि दोन ओळी तिला वाचता आल्या नाहीत. बाहेर येऊन मी भाऊंना चहा दिला, बिस्किटं दिली. खरं तेवढं दिलं नाही. चार दिवस त्यांच्या दुकानावरून जाताना मी पदर डोक्यावर घेऊन पलीकडल्या बाजूनं जात होते. सहासष्टाव्या वर्षी!

पाचव्या दिवशी निघाले. पुढून जायची हिंमत झाली नाही, म्हणून वळसा घालून मागून गेले. दाराला हात लावला. कडी खरंच नव्हती.

भाऊ जमिनीवर बसून उशीत कापूस भरत होते. "या बाई. झोप कशी हाय?"

"लागत नाही, भाऊ. त्या दोन ओळी मी खोडल्या."

"कोन्त्या?"

"मागच्या दाराच्या."

"मागच्या लेखातल्या?"

"सगळ्याच लेखांतल्या. एकदाही टाकल्या नाहीत. मला वाटलं, चोर येतील."

त्यांचा हात उशीतच राहिला. मी वाट बघत होते, आता ओरडतील, त्या दिवशी अंगणात ओरडले होते तसे. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे तिनं ते वाचलंच नाई?"

"नाही. मी आत्ता टाकते, आत्ताच," असं म्हणत मी पिशवीत मोबाइल शोधायला लागले, तर हाताला नुसतीच चष्म्याची डबी लागत होती.

भाऊंनी बाहीनं तोंड पुसलं. मिशीला लागलेला कापूस तसाच राहिला. मग म्हणाले,

"बरं झालं, बाई. म्या समजत होतो, पोरगी वाचूनही येऊन नाई राह्यली."