अकरा तळघरं आणि एक कोरडा माणूस

मान हलवायची मला जुनी खोड आहे. समोरचा माणूस काय म्हणतोय ते पुरतं कळायच्या आत माझी मान वरखाली होऊन गेलेली असते. पास्काशी माझं लग्नसुद्धा असंच ठरलं. (हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तिला ते ठाऊक आहे, ही गोष्ट वेगळी.)

तर शुक्रवारी दुपारी नगरपालिकेतल्या मद्दालेना बाईंनी मला बोलावून घेतलं. रविवारी आमच्या ओर्तुले गावात तळघरं उघडायचा दिवस. वर्षातून एकदा नोव्हेंबरात घरोघरची माणसं आपापल्या तळघराची दारं उघडतात, नवी वाइन चाखायला देतात आणि बाहेरून पाहुणे येतात. त्यांना फिरवणाऱ्या माणसाचा पाय मुरगळला होता. "बोबोरे, तू नेशील ना त्यांना?" बाई म्हणाल्या. मान हलली. नगरपालिकेचा जिना उतरताना चौथ्या पायरीवर मला आठवलं, की सोमवारी सकाळी साडेसातला माझं रक्त तपासायचं आहे.

हे रक्त साधंसुधं नव्हतं. सहा वर्षं मी शाळेची बस चालवतोय, पण बदली ड्रायव्हर म्हणून. कायमचा ड्रायव्हर निवृत्त झाला आणि माझा नेमणुकीचा कागद तयार झाला. आता फक्त दवाखान्याचा दाखला हवा होता. त्याच्या फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की तपासणीआधी तीन दिवस मद्याचा थेंबही पोटात जाता कामा नये आणि मंगळवारी दुपारपर्यंत दाखला न आल्यास नेमणूक रद्द. शेजारच्या गावचा ड्रायव्हर याच तपासणीत नापास झाला. नगरपालिकेने त्याला दफनभूमीत थडगी मोजायच्या कामावर लावलं. तो अजून मोजतोय.

आता कोणी म्हणेल, मग सरळ सांगून टाकायचं. पण आमच्या गावात 'याचं दारूसाठी रक्त तपासतायत' एवढं वाक्य बेकरीत उच्चारलं, तर चौकात पोहोचेपर्यंत त्याचं 'बोबोरे सकाळी दूध पिऊन नाही, तसलंच काही पिऊन बस काढतो' असं झालेलं असतं. त्यानंतर कुठली आई आपलं पोर माझ्या बसमध्ये बसवणार? आणि न सांगता ग्लास नाकारावा, तर ते त्याहून वाईट. आमच्याकडे पुढे केलेला ग्लास तीनच प्रकारची माणसं नाकारतात. जी आजारी आहेत ती, ज्यांचं त्या घराशी भांडण आहे ती आणि जी मेलेली आहेत ती. त्यातून पाहुण्यांना घेऊन येणाऱ्याने आधी प्यायचं आणि मग पाहुण्यांनी, अशी रीत.

पास्काने सगळं ऐकून घेतलं. माझ्या बायकोला ओरडायची सवय नाही. ती नुसती बघते आणि मला घाम फुटतो.

"तोंडात घे, गिळू नकोस," ती म्हणाली. "आणि चेहरा नेहमीसारखा ठेव."

"नेहमीसारखा म्हणजे कसा?"

"बावळट."

रविवारी सकाळी दहाला मी चर्चसमोर उभा होतो. पाहुणे नऊ. आठ तोरिनो शहरातले आणि एक उंच डच बाई. तिचं नाव हेंड्रिका. पायात डोंगर चढायचे बूट आणि गळ्यात दोरीने बांधलेली वही. मी काय करतो, कुठे बघतो, सगळं ती वहीत लिहीत होती. (माझ्याकडून काही शिकता येईल असं समजणारी ती जगातली पहिलीच बाई.)

पहिलं तळघर बुस्तियानूकाकांचं. काकांनी पिंपाची तोटी उघडून काळीभोर वाइन ग्लासात काठोकाठ ओतली आणि माझ्या नाकाखाली धरली. मी ती तोंडात घेतली. गाल फुगले.

"कशी काय यंदाची?" काकांनी विचारलं.

तोंड भरलेल्या माणसाला जे करता येतं तेच मी केलं, मान हलवली. काका खूश झाले. ते पाहुण्यांकडे वळले तसा मी फुलांचा वास घ्यायला म्हणून जिरेनियमच्या कुंडीवर वाकलो आणि मोकळा झालो. जिवात जीव आला. मान वर केली तर हेंड्रिका बाई माझ्याकडे बघत वहीत काहीतरी लिहीत होत्या.

दुसऱ्या तळघरात त्या थुंकल्या. लपूनछपून नाही, सगळ्यांदेखत, मोरीत, अगदी नेम धरून. मग त्यांनी तोरिनोच्या मंडळींना समजावून सांगितलं, की खरे जाणकार वाइन कधी गिळत नाहीत, आपला वाटाड्याही गिळत नाही, नीट बघा. मंडळींनी नीट बघितलं.

तिसरं घर ग्रासियाकाकूंचं. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, पण वेलींच्या चार ओळी एकट्या सांभाळतात आणि दीड पिंप वाइन काढतात. टेबलावर त्यांनी मेंढीचं चीज आणि कडक पातळ रोटी मांडली होती, लग्नातला पांढरा रुमाल अंथरून. त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना ओतलं. मी फुगलेल्या गालांनी अंगणात गेलो. मागोमाग नऊ माणसं आली आणि ओळीने उभी राहून काकूंच्या कण्हेरीत थुंकली.

काकू दारात हातात सुरई घेऊन उभ्या होत्या.

"बोबोरे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या वाइनमध्ये काय पडलंय रे?"

मला इतकी लाज वाटली, की त्या क्षणी कोणी बसची किल्ली मागितली असती तर देऊन टाकली असती. काहीतरी बोलायलाच हवं होतं. "काकू, वाइन उत्तम आहे. ही माणसं माझं बघून करतायत. मीच जरा... म्हणजे डॉक्टरांनी मला..."

काकूंनी सुरई खाली ठेवली. "डॉक्टरांनी सांगितलं?"

मी मान हलवली.

"म्हणजे ते?"

मी मान हलवली. (ते म्हणजे काय, हे मला आजही माहीत नाही.)

काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

आमच्या गावात तिसऱ्या तळघरापासून चौथ्यापर्यंत चालत जायला चार मिनिटं लागतात. बातमीला एवढी लागत नाहीत. चौथ्या तळघरात माझ्यासाठी खुर्ची तयार होती. पाचव्यात उशीही होती. ग्लास पुढे करायचा कोणी आग्रह करेना, उलट माझ्यासमोर आपण कसं प्यावं म्हणून घरमालकच ग्लास पाठीमागे लपवायला लागले. एका परीने काम सोपं झालं होतं. पण माणसं इतक्या मऊ आवाजात बोलायला लागली, की मला उजव्या बरगडीखाली काहीतरी टोचल्यासारखं व्हायला लागलं. मी बोटाने दाबून पाहिलं. खरंच टोचत होतं.

सहावं तळघर माझ्या सासऱ्यांचं. बोएलेमामांनी मला बारा वर्षांत नावाने हाक मारली नव्हती. "ते आलंय का?" असं पास्काला विचारतात. त्या दिवशी ते तळघराच्या दारात टोपी काढून उभे होते. मी आत जाताच त्यांनी मला छातीशी धरलं. त्यांच्या मिशा ओल्या लागल्या.

"बोबोरे, पोरा," ते म्हणाले, "पास्काची काळजी करू नकोस. मी आहे."

मला रडू आलं. ते माझ्यासाठी रडतायत म्हणून आलं, की बरगडीखाली काहीतरी असणारच या भीतीने, ते सांगता येणार नाही. हेंड्रिका बाईंनी वहीत लिहिलं, की उत्तम वाइनच्या नुसत्या वासाने इथल्या पुरुषांच्या डोळ्यांत पाणी येतं.

अकराव्या तळघरात खुद्द महापौर होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, बस तुझीच आहे, जितके दिवस... आणि मग ते छताकडे बघायला लागले.

संध्याकाळी घरी आलो तर ओट्यावर काळ्या कपड्यांतल्या नऊ बायका आणि स्वयंपाकघरात रश्श्याची पाच पातेली. गावचे पाद्री आन्तिने कोपऱ्यात बसले होते. सवड असेल तर निवांत बोलू, अशी त्यांनी मला खूण केली. पास्का सगळ्यांचे आभार मानत होती. खरं सांगावं तर रक्ततपासणी बाहेर पडते आणि न सांगावं तर नवरा मरतो, अशा कात्रीत ती दोन तास उभी होती. शेवटची बाई गेल्यावर तिने दार लावलं.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"काहीच नाही. मान हलवली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम खाली बसली आणि म्हणाली, "खरंच काही नाही ना रे तुला?" काही नाही, असं मी तीन वेळा तोंडाने सांगितलं. मान हलवायची हिंमत झाली नाही.

सोमवारी साडेसातला दवाखान्यात गेलो. रक्त घ्यायला बुस्तियानूकाकांची मुलगी मारिएद्दा. फॉर्म वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या. मला सुई बघवत नाही. शाळेत लस टोचायला आले की मी नकाशामागे लपायचो. मी डोळे गच्च मिटून घेतले. सुई टोचून झाली, ती म्हणाली इथे सही करा, आणि मी डोळे न उघडता सही केली.

मारिएद्दाच्या पोटात काही राहत नाही. दुपारी बारापर्यंत गावाला कळलं, की बोबोरे मरत नाही, त्याने फक्त रक्त दिलं. मी दारुडा असल्याची बोंब होईल अशी मला भीती होती, तसं झालं नाही. झालं ते याहून वाईट. धडधाकट माणूस अकरा घरी गेला आणि एका कागदापायी कोणाचीही वाइन प्याला नाही, असं ठरलं. ग्रासियाकाकूंनी आपलं पातेलं परत मागवलं, त्यात उरलेल्या रश्श्यासकट. आणि बोएलेमामा दारात येऊन उभे राहिले.

"मी रडलो," ते पास्काला म्हणाले. "आई गेली तेव्हाही रडलो नव्हतो. ते आलंय का?"

पास्काने निकाल दिला. रक्त देऊन झालंय, आता कसली भीती? जा, अकराच्या अकरा घरी जा, माफी माग आणि देतील ते मुकाट्याने पी.

मी गेलो. सुरुवात ग्रासियाकाकूंपासून केली. काकूंनी ग्लास हातात दिला आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत राहिल्या. त्यांची वाइन खरोखरच गावात सगळ्यांत चांगली आहे. मी तसं म्हणालो तेव्हा त्या हसल्या आणि अजून एक ग्लास भरला. बोएलेमामांनी तीन दिले आणि तिसऱ्यानंतर मला नावाने हाक मारली. कालचं टोचणं कुठच्या कुठे गेलं होतं. शेवटचं घर बुस्तियानूकाकांचं. तिथे दोन ग्लास झाले आणि मी म्हणे गाणंही म्हटलं. मला आठवतं ते एवढंच, की मी जिरेनियमची माफी मागितली.

सातच्या सुमाराला, बरंचसं भिंतीच्या आधाराने, घरी पोहोचलो. दारातच पास्काने फोन माझ्या हातात दिला. मारिएद्दा होती.

"बोबोरेदादा, एक घोळ झालाय. तुमची सही फॉर्मवर नाहीच. ती 'दिवसातून दोन लिटर पाणी प्या' या पत्रकावर आहे. सही नसलेला नमुना प्रयोगशाळेने टाकून दिला. उद्या सकाळी साडेसातला परत या. बारापर्यंत दाखला गेलाच पाहिजे."

मी जमेल तितका बारीक आवाज काढला. "मारिएद्दा, उद्या जमेलसं दिसत नाही गं. माझी तब्येत फार बिघडलीय."

"असं कसं?" ती म्हणाली. "बाबा आत्ताच सांगत होते, तुमच्याइतका ठणठणीत माणूस त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. दोन ग्लास घेतलेत, टेबलावर चढलात, गाणंसुद्धा म्हटलंत. मग येताय ना उद्या?"

मी मान हलवली.

पलीकडून मारिएद्दा हॅलो हॅलो करत राहिली. पास्काने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"येईल गं," ती म्हणाली. "तोवर मी त्याला थडगी मोजायला शिकवते."